मार्चअखेर आणि टॅली: त्याच कंपनीत पुढे जायचं की नवी कंपनी उघडायची?

मागाची_धडधड
२२ मार्च २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमचे इचलकरंजीत बारा यंत्रमाग आहेत. सूत आम्हीच विकत घेतो, साइझिंग (ताण्याच्या सुताला खळ लावणं) बाहेर करून घेतो आणि ग्रे, म्हणजे कोरं कापड विकतो. माग, कामगार, बाजार हे सासरे आणि मिस्टर बघतात. हिशेब दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरते; त्यात एका फर्मच्या हिशेबाच्या वहीला 'कंपनी' म्हणतात.

गेल्या वर्षी १ एप्रिलला मी '२०२४-२५' नावाची नवी कंपनी उघडली, कारण माझ्याआधी जे अकाउंटंट होते ते दरवर्षी तसंच करायचे. जुन्या कंपनीतल्या सगळ्या खात्यांच्या बाक्या वहीत उतरवल्या आणि नव्या कंपनीत एकेक हाताने भरल्या. दोन रात्री गेल्या. पार्टीच्या बाक्या एकरकमी भरल्या, बिलवार नाही.

जुलैत सीए साहेबांनी आधीच्या वर्षाचा ताळेबंद पक्का करून दिला. तो मी फाइलला लावला आणि विसरले. आता मार्चअखेरची तयारी करताना शेजारी ठेवून बघितला. त्यांच्या ताळेबंदात ३१ मार्च २०२४ चं भांडवल १८,४२,६०० आहे, माझ्या टॅलीत सुरुवातीचं भांडवल १९,२७,३५०. शिवाय ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला 'डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस' (सुरुवातीच्या बाक्यांतला फरक) म्हणून ६,२०० दिसतात. ते वर्षभर दिसत होते, मी दुर्लक्ष केलं.

आता येत्या १ एप्रिलला पुन्हा नवी कंपनी उघडायची का? टॅलीत 'वर्ष बंद करा' असं काही सापडत नाही, ते कुठे असतं? आणि हा फरक मिटवल्याशिवाय पुढे गेलं तर काय होईल? सीए साहेबांना फोन केला, पण मार्चमध्ये त्यांना श्वास घ्यायला वेळ नाही.

---

आकडेमोड
२२ मार्च २०२५, रात्री ११:१५

ताई, मी नाशिकला एका सीए ऑफिसात काम करतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

टॅलीत वर्ष बंद करायचं बटण नाही, कारण त्याची गरजच नाही. ३१ मार्चची नोंद करा, मग एफ२ दाबून तारीख १ एप्रिल करा आणि नव्या वर्षाची पहिली नोंद टाका. झालं. मालमत्ता आणि देण्यांच्या बाक्या आपोआप पुढे येतात. उत्पन्न आणि खर्चाची खाती नव्या वर्षात शून्यापासून सुरू झालेली दिसतात. कुठल्या वर्षाचा अहवाल बघायचा ते ऑल्ट+एफ२ ने मुदत बदलून ठरवायचं. एकाच कंपनीत पाच-सात वर्षं सुखाने राहतात.

म्हणून नवी कंपनी उघडू नका. तुम्ही सध्या ज्या कंपनीत आहात तिचं नाव बदलून नुसतं फर्मचं नाव ठेवा, वर्ष काढून टाका आणि तिच्यातच पुढे जा.

---

वारणाकाठ
२३ मार्च २०२५, सकाळी ८:०५

मी वेगळं मत मांडतो. आमचं शेती अवजारांचं आणि सुट्या भागांचं दुकान आहे आणि आम्ही दरवर्षी नवी कंपनी करतो. सीएंकडे दिलेलं वर्ष वेगळं राहतं, त्याला नंतर कुणाचा हात लागत नाही. काउंटरवरच्या मुलाने चुकून मागच्या तारखेला बिल टाकलं तर केवढा घोळ होतो! दुसरं म्हणजे आमची दिवसाला शंभर-सव्वाशे बिलं होतात, डेटा जड होतो. तुम्ही म्हणता तसं सगळ्यांनाच जमेल असं नाही.

---

आकडेमोड
२३ मार्च २०२५, सकाळी ९:३०

@वारणाकाठ, तुमची भीती रास्त आहे, पण तिच्यावर दुसरा उपाय आहे. सिक्युरिटी चालू करा, काउंटरवरच्या माणसाला वेगळा यूझर द्या आणि त्याच्या रोलमध्ये मागील तारखेच्या नोंदींसाठी कट-ऑफ तारीख टाका. ३१ मार्च टाकली की त्याला त्यामागे नोंद करता येत नाही. मालकाच्या पासवर्डने करता येते, आणि तेवढी मोकळीक लागतेच, कारण सीएंच्या नोंदी जुलै-सप्टेंबरात येतात.

डेटा खरोखर जड झाला असेल तर ऑल्ट+वाय मध्ये 'स्प्लिट' आहे. त्यात टॅली स्वतः बाक्या काढून नवी कंपनी तयार करतं, बिलवार तपशिलासकट. तरी त्याआधी 'व्हेरिफाय' चालवायचं, बॅकअप दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यायचा, आणि मागच्या वर्षाचा ताळेबंद पक्का झाल्यावरच विभागणी करायची. एप्रिलमध्ये करूच नये. घाईने विभागलं आणि नंतर जुन्या वर्षात नोंद पडली की दोन कंपन्यांच्या बाक्या फाटतात. ताईंचं नेमकं तेच झालंय, फक्त हाताने.

---

रोजकीर्द
२३ मार्च २०२५, सकाळी ११:२०

मी सांगलीचा. हळदीच्या अडत पेढीवर चाळीस वर्षं दिवाणजी म्हणून काढली, आता घरी असतो. टॅली मी पन्नाशीत शिकलो, त्यामुळे शॉर्टकटांबद्दल तरुणांनी बोलावं. बाकी पुढे ओढणं म्हणजे काय, एवढ्याबद्दल मात्र बोलतो.

आमच्या पेढीचं वर्ष पूर्वी दिवाळीला संपायचं. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा, पाडव्याला पहिली नोंद. सरकारचं वर्ष १८६७ पासून एप्रिल ते मार्च असलं, तरी व्यापाऱ्याला प्राप्तिकरासाठी आपलं वर्ष निवडायची मुभा होती. ती पुढे गेली आणि सगळ्यांना ३१ मार्च १९८९ ला हिशेब मिटवावे लागले. ज्यांचं वर्ष दिवाळी ते दिवाळी होतं त्यांचं ते एक वर्ष १९८७ च्या दिवाळीपासून थेट मार्च १९८९ पर्यंत चाललं, सतरा महिन्यांचं. मी तेव्हा नवखा होतो. एकाच वर्षात हळदीचे दोन हंगाम आले आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांची गोळाबेरीज, जुळवता जुळवता आम्हा तिघांना पहाट झाली होती.

त्या रात्री आमच्या मुख्य दिवाणजींनी जी शिस्त लावली ती मी शेवटपर्यंत पाळली. जुन्या खतावणीत (खात्यांच्या वहीत) बाकी काढली की तिच्या शेजारी नव्या खतावणीचा पान नंबर लिहायचा, आणि नव्या पानावर पहिल्या ओळीत जुन्याचा. दोन्हीकडे नंबर पडल्याशिवाय ते खातं ओढलं असं समजायचं नाही. सगळी खाती ओढून झाली की नव्या वहीची तेरीज वेगळी मारायची. ती जुन्या वहीच्या शेवटच्या तेरजेशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. रोख तर श्री शिल्लक म्हणून नव्या कीर्दीच्या (रोजच्या नोंदवहीच्या) डोक्यावर यायची, ती पेटीतली नोट न् नोट मोजूनच.

सूनबाई, तुम्ही दोन रात्री बसून बाक्या ओढल्यात, त्या मेहनतीचं मला मोल आहे. पण तुम्ही ज्या बाक्या ओढल्या त्या तेव्हा शेवटच्या नव्हत्या. १ एप्रिलला ३१ मार्चचा हिशेब कधीच पुरा झालेला नसतो. लाइटबिल आलेलं नसतं, घसारा टाकलेला नसतो, मोजलेला माल वहीत आलेला नसतो. तुम्ही अर्धी वही बंद केली आणि उरलेली अर्धी सीए साहेबांनी त्यांच्याकडे बंद केली. ती त्यांच्याकडची नोंद तुमच्या वहीत यायची राहिली आहे. सगळ्यात आधी त्यांच्या ताळेबंदासोबतचा घसाऱ्याचा तक्ता आणि देणेकऱ्यांची यादी काढा. तुमचा फरक तिथेच सापडेल.

---

मागाची_धडधड
२३ मार्च २०२५, दुपारी ३:५०

काका, तुमचं वाचून लगेच फाइल काढली. सापडलं!

घसाऱ्याच्या तक्त्यात माग आणि यंत्रसामग्री ४,७५,००० वर १५ टक्के, म्हणजे ७१,२५०. आणि देण्यांमध्ये 'वीज बिल देणे' १३,५००, ते मार्च २०२४ चं महावितरणचं बिल आहे. दोन्ही मिळून ८४,७५०. भांडवलातला फरक बरोबर तेवढाच. या दोन्ही नोंदी माझ्या जुन्या कंपनीत नाहीत. माझ्या नव्या कंपनीत माग अजून ४,७५,००० लाच उभे आहेत.

६,२०० चं मात्र काही कळत नाही.

---

आकडेमोड
२३ मार्च २०२५, संध्याकाळी ५:१०

उत्तम. आता क्रमाने घ्या. आधी दोन्ही कंपन्यांचा बॅकअप.

जुनी कंपनी उघडा. ३१ मार्च २०२४ तारखेने जर्नल टाका: घसारा नावे, यंत्रसामग्री जमा, ७१,२५०. दुसरं: वीज खर्च नावे, वीज बिल देणे जमा, १३,५००. आता त्या वर्षाचा निव्वळ नफा सीएंच्या आकड्याशी जुळला पाहिजे. जुळला की तिसरं जर्नल, त्याच तारखेचं: प्रॉफिट अँड लॉस अकाउंट नावे, भांडवल जमा, नफ्याच्या रकमेने. मालकी फर्मला ही नोंद लागते, नाहीतर टॅली नफा स्वतःच्याच ओळीत साठवत जातं आणि मालकाचं भांडवल खरं किती ते कळत नाही. घरखर्चाची उचल वेगळ्या खात्यात असेल तर तीही भांडवलात वळवा. आता जुन्या कंपनीत भांडवल १८,४२,६०० दिसेल.

मग नवी कंपनी. तुमच्या बाबतीत बदलायची खाती तीनच आहेत, ती हाताने बदला. भांडवलाची सुरुवातीची बाकी १८,४२,६००, यंत्रसामग्री ४,०३,७५०, आणि 'वीज बिल देणे' हे नवं खातं १३,५०० जमा बाकीने. उत्पन्न किंवा खर्चाच्या कुठल्याही खात्याला सुरुवातीची बाकी असेल तर ती चूक समजा.

इथे बहुतेक लोक थांबतात, आणि खरी चूक मागे राहते. ते १३,५०० चं बिल तुम्ही एप्रिल २०२४ मध्ये भरलं तेव्हा नव्या कंपनीत वीज खर्चाला टाकलं असणार. सीएंनी तोच खर्च मार्चमध्ये धरला आहे. म्हणजे एक बिल दोन वर्षांत खर्ची पडलं. एप्रिलची ती नोंद उघडा आणि 'वीज खर्च' च्या जागी 'वीज बिल देणे' करा. ते खातं शून्य होईल. यंदाच्या मार्चचं बिल एप्रिलमध्ये येईल तेव्हा ३१ मार्च २०२५ ची तशीच तरतूद करायला विसरू नका.

यंदाचा घसारा ४,०३,७५० वर १५ टक्के, म्हणजे ६०,५६२.५०, नवं यंत्र घेतलं नसेल तर. घेतलं असेल तर ते चालू कधी झालं ती तारीख लिहून ठेवा. ३ ऑक्टोबरनंतर वापरात आलेल्याला या वर्षी निम्मा दर, कारण १८० दिवस भरत नाहीत. बिलाची तारीख इथे पुरत नाही.

---

रोजकीर्द
२३ मार्च २०२५, संध्याकाळी ६:००

६,२०० मालमत्तेच्या बाजूला दिसतात, म्हणजे एखादं येणं ओढायचं राहिलं आहे. आकडा लहान आणि सरळ आहे. ही बँकेची बाकी नसावी, पार्टीचीही नसावी, तिथे पैसे सुटे असतात. कामगारांची उचल बघा. माणूस काम सोडून गावी गेला की त्याचं खातं शेवटी पडतं आणि ओढताना नजरेतून सुटतं.

---

सोलापुरी_टॉवेल
२३ मार्च २०२५, रात्री ९:४५

आमचा टॉवेलचा कारखाना आहे, म्हणून मालाबद्दल बोलतो. वर्षअखेरीला सगळे खात्यांच्या मागे लागतात, पण विणकाम धंद्यात नफा चुकतो तो शिल्लक मालात.

ताई, तुमचं सूत तीन ठिकाणी असतं: गोदामात कोनांवर गुंडाळलेलं, साइझिंगवाल्याकडे दिलेलं, आणि मागावर चढलेले बीम (ताणा गुंडाळलेले रूळ). शिवाय घडी करून ठेवलेलं कापड. ३१ मार्चच्या संध्याकाळी शेवटची पाळी सुटली की हे सगळं मोजायचं, वजनावर मोजायचं, आणि कागदावर मोजणाऱ्याची सही घ्यायची. साइझिंगवाल्याकडून त्या तारखेची शिल्लक चिठ्ठी लेखी मागा. तो माल त्याच्या शेडमध्ये असला तरी तुमच्याच ताळेबंदात यायचा.

टॅलीत साइझिंगच्या नावाने वेगळं गोदाम करा, त्यात 'अवर स्टॉक विथ थर्ड पार्टी' होय ठेवा. सूत पाठवलं की त्या गोदामात हलवायचं, बीम आले की परत. मग शिल्लक कुठे किती ते कुणाला विचारावं लागत नाही. तुमच्याकडे अकाउंट्स आणि इन्व्हेंटरी जोडलेलं नसेल तर शेवटच्या मालाची किंमत स्टॉक-इन-हँड खात्यात तारखेसह हाताने भरावी लागते. ती भरली नाही तर संपूर्ण वर्षाचा नफा चुकीचा दिसतो. किंमत खरेदीभावाने किंवा बाजारात जी निव्वळ येईल ती, यातली कमी. सुताचा भाव वर्षात किती हलतो ते तुम्हाला सांगायला नको.

जॉबवर्कला, म्हणजे बाहेर प्रक्रियेला पाठवलेल्या मालाचा जीएसटीचा फॉर्म आयटीसी-०४ भरता ना? पाच कोटींच्या आत उलाढाल असेल तर वर्षातून एकदा, २५ एप्रिलपर्यंत. साइझिंगची शिल्लक जुळली की तो फॉर्म तासाभरात होतो.

---

मागाची_धडधड
२४ मार्च २०२५, दुपारी १:३०

आकडेमोड, सांगितलंत त्या क्रमाने केलं. जुन्या कंपनीत भांडवल १८,४२,६०० आलं. नव्यातही तेच. वीज बिलाचं तुम्ही म्हणालात तसंच झालेलं होतं, एप्रिलची नोंद दुरुस्त केली.

काका, ६,२०० उचलच होती! कर्नाटकातून आलेले एक कामगार, फेब्रुवारी २०२४ मध्ये गावी गेले होते. सासऱ्यांना नाव विचारताच आठवलं. ते दिवाळीनंतर परत आले आणि उचल पगारातून फिटली, पण मी ती वजावट दुसऱ्याच खात्यात धरली होती. तेव्हापासून त्या माणसाच्या पावतीवर चुकीची बाकी छापली जात होती, याचं मला जास्त वाईट वाटलं. त्यांना आज नवी पावती दिली.

सूत आम्ही वजनावरच घेतो, पण इन्व्हेंटरी मी नीट ठेवलेली नाही. गोदामं आजच केली.

आणखी एक. साइझिंगवाल्यांचे पैसे आम्ही साधारण दोन महिन्यांनी देतो. ४५ दिवसांच्या नियमाबद्दल बाजारात सगळे बोलतात. आम्हाला तो लागतो का?

---

आकडेमोड
२४ मार्च २०२५, रात्री ८:२०

लागू शकतो. प्राप्तिकर कायदा १९६१ चं कलम ४३बी(एच), २०२३-२४ पासून लागू झालं. साइझिंगवाल्यांची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का आणि ते सूक्ष्म किंवा लघु वर्गात आहेत का, ते आधी विचारा. नोंदणीपत्राची प्रत मागून घ्या. ते प्रक्रिया करणारे आहेत, त्यामुळे नोंदणी असली तर नियम लागतो. ज्यांच्याकडून सूत घेता ते निव्वळ व्यापारी असतील तर त्यांच्या बिलांना हा नियम लागत नाही. गिरणीकडून थेट घेत असाल तर मात्र तिचा वर्ग बघावा लागेल.

मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. मुदत उलटून गेलेलं आणि ३१ मार्चला न दिलेलं बिल त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरतात. उदाहरण घ्या: काम १० मार्चला स्वीकारलं, लेखी करार ४५ दिवसांचा. मुदत २४ एप्रिलला संपते. २४ एप्रिलपर्यंत पैसे दिले तर खर्च याच वर्षात मान्य. करार नसेल तर मुदत २५ मार्चलाच संपली, मग ३१ मार्चच्या आत पैसे गेलेच पाहिजेत. उशिरा का होईना, पण ३१ मार्चच्या आत दिलं तर त्या वर्षाचा खर्च वाचतो. रिटर्नच्या तारखेपर्यंत भरलं तरी चालेल ही सवलत इथे नाही.

आणि इथे तुमची ती एकरकमी बाकी नडते. पार्टीची सुरुवातीची बाकी बिलवार भरलेली नसेल, आणि पेमेंट 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याच बिलाशी न जोडता टाकत असाल, तर कुठलं बिल किती दिवस थकलं ते टॅली सांगू शकत नाही. हाताने बाक्या ओढण्यात खरा तोटा हा आहे, दोन रात्री जाग्या काढल्या ते सोडा. आज-उद्या बसून साइझिंगच्या खात्यातली पेमेंटं बिलांसमोर लावा.

---

मागाची_धडधड
२४ मार्च २०२५, रात्री १०:०५

करार नाही, तोंडी आहे. म्हणजे १५ दिवस. मिस्टरांशी बोलले, ३१ च्या आत सगळं देऊन टाकायचं ठरलं. आणि नव्या वर्षासाठी ४५ दिवसांचा कागद करून घेतो.

---

वारणाकाठ
२५ मार्च २०२५, सकाळी ७:५०

कट-ऑफ तारखेचं करून बघितलं. काउंटरवरच्या यूझरला मागची नोंद अडली. माझं मत बदललं, यंदा नवी कंपनी नाही.

पण बिल नंबरांचं काय? आम्ही नवी कंपनी करायचो तेव्हा बिल आपोआप १ पासून सुरू व्हायचं.

---

आकडेमोड
२५ मार्च २०२५, सकाळी ९:१५

सेल्सचा व्हाउचर टाइप उघडा, त्यात जादा नंबरिंगचे तपशील असतात. 'रिस्टार्ट नंबरिंग' मध्ये १ एप्रिल २०२५, सुरुवात १, आवर्तन वार्षिक. 'प्रिफिक्स' मध्ये त्याच तारखेपासून नवं वर्ष, उदाहरणार्थ 'एसएम/२५-२६/'. पूर्ण नंबर अक्षरं, आकडे, तिरक्या रेघा धरून १६ च्या वर जाऊ नये आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच आला पाहिजे, हा जीएसटीचा नियम आहे. फर्मचं लांबलचक नाव प्रिफिक्समध्ये घालू नका.

मधलं बिल रद्द झालं किंवा मध्ये बिल घुसलं तर पुढचे नंबर बदलू द्यायचे की मूळचेच ठेवायचे, हे त्याच पडद्यावर विचारतं. मूळचेच ठेवा. गिऱ्हाइकाच्या हातात गेलेल्या बिलाचा नंबर आपल्याकडे बदलला की त्याचं जीएसटी क्रेडिट अडकतं.

---

ठाणे_लोकल
२५ मार्च २०२५, दुपारी १२:४०

आम्ही ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर वापरतो, मुंबईत तयार झालेलं, मुक्त स्रोत. तिथे टॅलीपेक्षा उलट आहे, वर्ष खरोखर बंद करायची नोंद असते, 'पीरियड क्लोजिंग व्हाउचर'. उत्पन्न-खर्चाची खाती शून्य होऊन नफा तुम्ही निवडलेल्या राखीव किंवा भांडवली खात्यात जातो. मागच्या तारखा गोठवायची सोयही आहे. आम्ही क्लोजिंगची नोंद ऑडिट संपेपर्यंत टाकत नाही, तोवर फक्त तारखा गोठवतो.

आणि कंपनी कायद्याखालच्या मंडळींनी लक्षात ठेवा, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल असलेलंच सॉफ्टवेअर लागतं. कोणी कधी काय बदललं त्याची नोंद राहते आणि ती बंद करता येता कामा नये. मालकी फर्मला ही सक्ती नाही, पण टॅलीची एडिट लॉगवाली आवृत्ती घरच्या धंद्यातही वापरण्यासारखी आहे.

---

यारा_नदी
२५ मार्च २०२५, दुपारी ४:३०

मेलबर्नहून. आमच्याकडे वर्ष ३० जूनला संपतं. मी इथे दोन मराठी दुकानांचे हिशेब 'झीरो' (Xero) नावाच्या सॉफ्टवेअरवर ठेवते. त्यातही वर्ष बंद करायचं बटण नाही, नफा आपोआप राखीव नफ्यात जातो. फक्त 'लॉक डेट' टाकायची. ती मी अकाउंटंटचं काम संपल्याशिवाय टाकत नाही. रोजकीर्द काकांनी सांगितलेली पान नंबरांची पद्धत मी यंदा जूनमध्ये करणार आहे, एका बाजूला जुनं तेरीज पत्रक छापून.

---

रोजकीर्द
२९ मार्च २०२५, संध्याकाळी ७:००

उद्या पाडवा, परवा रमजान ईद आणि मार्चअखेर एकाच दिवशी. सगळ्यांना शुभेच्छा.

मंगळवारी १ एप्रिलला बँका त्यांच्या वार्षिक हिशेबासाठी आपल्याला बंद. एनईएफटी, आरटीजीएस सुट्टीतही चालतं, तरी ज्यांना ३१ च्या आत पैसे पोहोचवायचे आहेत त्यांनी आजच उरकावं. ३१ ला दिलेला चेक एप्रिलमध्ये वटेल. वहीत ३१ चाच राहू द्या आणि बँक जुळवणीत न वटलेला म्हणून दाखवा. बँकेच्या पुस्तकाशी जुळावं म्हणून तारीख बदलणारे मी पाहिलेत, ते करू नका. रोख मात्र ३१ ला रात्री मोजा, सोमवारीच, बुधवारी नव्हे.

---

मागाची_धडधड
१२ एप्रिल २०२५, रात्री ९:२०

उशिरा लिहितेय, कारण मोजणीत अडकले होते.

३१ ला दुसऱ्या पाळीनंतर आम्ही चौघं बसलो. मुलगा वजनं वाचत होता, मी लिहीत होते. साइझिंगचे पैसे २९ लाच गेले. बिलं पेमेंटसमोर लावून झाली, एकही १५ दिवसांवर राहिलेलं नाही. नंबर एसएम/२५-२६/००१ पासून सुरू झाले, त्याच कंपनीत. मार्चची खरेदीची दोन बिलं जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी यादीत) अजून दिसत नाहीत, त्या पार्ट्यांना फोन केला आहे.

एकच अडलं आहे. साइझिंगकडे टॅलीप्रमाणे ६२० किलो सूत असायला हवं. त्यांची ३१ मार्चची चिठ्ठी ५८२ सांगते. ३८ किलो कमी. त्यांच्याशी आमचे वीस वर्षांचे संबंध आहेत, लगेच विचारायला जड वाटतं.

---

सोलापुरी_टॉवेल
१२ एप्रिल २०२५, रात्री ९:५५

थांबा, त्यांना विचारण्याआधी एक सांगा. तुमच्या स्वतःच्या गोदामात मोजलेलं आणि टॅलीतलं जुळलं का?

---

मागाची_धडधड
१२ एप्रिल २०२५, रात्री १०:१०

नाही. टॅलीत १,८०२, मोजलेलं १,८४० निघालं. जास्त आहे म्हणून मी त्याची काळजी केली नाही.

---

सोलापुरी_टॉवेल
१२ एप्रिल २०२५, रात्री १०:१५

१,८४० वजा १,८०२ किती? उरलेले कोन त्यांनी मार्चच्या शेवटी परत पाठवले असतील आणि परतीची नोंद राहिली असेल. गेटच्या वहीत बघा.

---

मागाची_धडधड
१२ एप्रिल २०२५, रात्री १०:४०

गेटच्या वहीत २८ मार्च, संध्याकाळ, टेम्पो, कोन परत, ३८ किलो. सासऱ्यांच्या अक्षरात. त्या तारखेने साइझिंगच्या गोदामातून आमच्या गोदामात हलवलं. दोन्ही जुळले. आता आयटीसी-०४ ला बसते.